एजंट फोन उचलत नाही, मालक पुण्यात, अन् डोक्यावर स्लॅब गळतो

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही लिंक लागेल. तुम्ही ग्रामीण रुग्णालयात नर्स, तालुक्याच्या गावी एकमजली स्लॅबचं घर भाड्यानं घेतलेलं, भाडं ५,००० रुपये, डिपॉझिट १५,०००, मालक पुण्याला, मध्ये एजंट. पहिल्याच पावसात स्लॅब गळायला लागला, पलंग तीनदा सरकवून झाला, बाथरूमच्या नळाला ओला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि जोराचा पाऊस आला की संडास तुंबतो. एजंट आधी "हाव ताई, उद्या पाठवतो माणूस" म्हणत होता, आता फोनच उचलत नाही. तुम्ही विचारलं की मी स्वतः काम करून भाड्यातून पैसे कापले तर चालते का.

चालते, पण त्याची एक रीत आहे आणि ती चुकली तर उलटं तुमच्याच अंगावर येते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वीस-बावीस वर्षं याच धंद्यात आहे, आधी लाईट फिटिंग करायचो, मग बाहेरगावच्या मालकांच्या चाव्या माझ्याकडे राहायला लागल्या, भाडेकरू लावून देणं, भाडं गोळा करून पाठवणं, म्हणजे ज्याला तुम्ही सध्या शिव्या देत आहात ना तो मीच समजा. त्यामुळे दोन्हीकडचं सांगतो.

पण सगळ्यात आधी तो करंट. स्लॅब, संडास, एजंट सगळं बाजूला ठेवा. नळाला झिणझिण्या येतात याचा अर्थ गीझर नाहीतर बोरची मोटार कुठंतरी लीक मारते आहे, तो करंट पाण्यात आणि पाईपात उतरतो आहे, आणि त्याला जमिनीत न्यायला घराचं अर्थिंग नाही किंवा असून मेलेलं आहे. आज झिणझिण्या आहेत, उद्या पाय ओले असताना काय होईल ते सांगता येत नाही. एप्रिल-मे आला की कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी आपल्याकडच्या पेपरात दरवर्षी असतेच, त्याचंही कारण बहुतेक हेच, लोखंडी बॉडी, दोन पिनचा जोड, आणि अर्थिंगच्या नावानं बोंब. तर गीझरचा प्लग काढून ठेवा, पाणी भरून झालं की मोटारीचा मेन पाडा, आणि "आता येते का बघू" म्हणून नळाला हात लावून बघू नका, तो प्रयोग आपल्याकडे लय लोक करतात.

लायसन्सवाला वायरमन बोलवा आणि त्याला दोनच गोष्टी सांगा. एक, टेस्ट लॅम्प लावून अर्थिंग बघ. फेज आणि न्यूट्रलवर बल्ब जसा लख्ख लागतो तसाच फेज आणि अर्थवर लागला पाहिजे, मिणमिण लागला किंवा लागलाच नाही तर अर्थिंग गेलं. आपल्या काळ्या मातीत हे फार होते, पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मग अर्थिंगच्या पाईपाभोवतीची माती सुटते आणि कोरडी पडते. कोळसा-मीठ टाकून खड्डा भरला, दहा वर्षं त्यात बादलीभर पाणी कोणी टाकलं नाही, मग ते अर्थिंग फक्त दाखवायला. दुसरी गोष्ट, मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसव. लोक म्हणतात आमच्याकडे एमसीबी आहे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसातून जमिनीकडे करंट जायला लागला की क्षणात लाईन तोडतो तो आरसीसीबी. दोन-अडीच हजाराच्या आत वस्तू येते. हे काम एजंटची, मालकाची, कायद्याच्या मुदतीची कोणाचीच वाट न बघता याच आठवड्यात करून घ्या, बिल घ्या, आणि त्याच दिवशी मालकाला फोटोसकट कळवा. पैसे परत मिळतील न मिळतील ते पुढचं पुढे. हां, खांबापासून मीटरपर्यंत काही गडबड असेल, सर्व्हिस वायर सोललेली, मीटरपेटीला करंट, तर ते महावितरणचं काम आहे, १९१२ ला तक्रार टाका. मीटरच्या पुढचं सगळं घरमालकाचं.

आता एजंटचं. तो फोन का उचलत नाही? तुम्हाला वाटते तो माजला आहे. असेलही, पण खरं कारण वेगळंच असते. घर लावून दिलं तेव्हा त्याला एका महिन्याचं भाडं किंवा अर्धं दलाली म्हणून मिळालं, तिथं त्याचा व्यवहार संपला. त्यानंतर तुमचा नळ, तुमचा स्लॅब, तुमची मोटार हे सगळं त्याला फुकटात करायचं काम आहे. आणि मुख्य म्हणजे खर्चाला हो म्हणायचा अधिकार त्याच्याकडे नसतो. त्यानं मालकाला फोन करायचा, मालक म्हणणार "किती लागतील?", याला माहीत नाही, मग मिस्त्रीला घेऊन यायचं, मिस्त्री दोन दिवस येणार नाही, आला तर म्हणेल बघावं लागते, मग आकडा सांगितला की मालक म्हणतो "एवढे? पुढच्या महिन्यात पाहू." हे तुम्हाला सांगायची लाज वाटते म्हणून फोन उचलत नाही. मीही उचलत नव्हतो, खोटं कशाला बोलू. गंमत बघायची असेल तर दुसऱ्या नंबरवरून फोन लावून "रूम पाहिजे होती" म्हणा, दुसऱ्या रिंगला उचलेल.

मला वळण लावलं ते एका मास्तरनं. जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, माझ्याकडच्या एका घरात भाड्यानं राहायचे. मागच्या खोलीच्या भिंतीला लोणा लागलेला, पोपडे पडून लेकराच्या अंथरुणावर माती, आणि दाराच्या चौकटीला उदई, म्हणजे वाळवी. दीड महिना मला सांगत होते, मी हाव हाव करत होतो. एक दिवस त्यांनी फोन करणंच बंद केलं, मला वाटलं बरं झालं, निपटलं. आठ दिवसांनी नागपूरहून मालकाचा फोन, "काहून रे, हे मले आधी काहून नाही सांगतलं?" मास्तरनं मालकाला एक पानाचं पत्र टाकलं होतं, त्यात मला कोणत्या तारखेला काय सांगितलं आणि मी काय म्हणालो ते सगळं, चार फोटो, आणि हार्डवेअरच्या दुकानातून कच्चं बिल लिहून आणलेलं, सामान इतकं, मजुरी इतकी. शिवी एक नाही, धमकी एक नाही. मालकानं मला झापलं आणि त्याच संध्याकाळी दुकानदाराला पैसे पाठवले. मालक कंजूस नव्हताच, त्याच्यापर्यंत गोष्ट पोचलीच नव्हती.

तर तुम्हीही एजंटच्या मागे लागणं सोडा. त्याला प्रत्येक वेळी मेसेज मात्र टाकत राहा, तो वाचो न वाचो. कारण भारतीय करार अधिनियम १८७२ मध्ये २२९ वं कलम आहे, एजंटला त्याच्या कामाच्या ओघात दिलेली सूचना ही मालकालाच दिलेली सूचना धरतात. म्हणजे उद्या मालक म्हणाला मला माहीतच नव्हतं, तर तुमच्या एजंटला कळवलं होतं हे उत्तर तुमच्याकडे तयार राहते, फक्त तो माणूस खरंच मालकाच्या वतीनं काम बघतो हे दिसलं पाहिजे, भाडं त्याच्याकडे देता का, अग्रीमेंटवर त्याची सही आहे का, चावी त्यानं दिली का. आणि फोनवर बोलणं झालं तरी नंतर एक मेसेज, "आज सकाळी बोलणं झालं, तुम्ही गुरुवारी मिस्त्री पाठवतो म्हणाले". एवढंच. नुसता मिस कॉलचा स्क्रीनशॉट फार काही सांगत नाही.

मालकाचा पत्ता नसेल तर? पुष्कळ एजंट मुद्दाम देत नाहीत, दोघं परस्पर बोलले तर पुढच्या वेळची दलाली बुडते. अग्रीमेंट असेल तर त्यात पत्ता असतोच, नीट वाचा. नसेल तर लाईट बिलावरचं नाव बघा, बहुतेक मालकाच्या नाहीतर त्याच्या वडिलांच्या नावावर असते. गाव ग्रामपंचायतीचं असेल तर नमुना ८ ला कर आकारणीची नोंद असते, नगर परिषद असेल तर मालमत्ता कराच्या खात्यात. तिथं गेल्यावर "मला नक्कल पाहिजे" असं एकदम म्हणू नका, "मी त्या घरात भाड्यानं राहते, घरमालकाला पत्र टाकायचं आहे" असं सांगा, आपल्याकडचा शिपाईसुद्धा मालकाची तीन पिढ्यांची कहाणी सांगून मोकळा होते. आणि तुम्ही नर्स आहात, गावातल्या निम्म्या बायका तुम्हाला ओळखतात, मालकाची चुलती-वहिनी कोणीतरी गावात असणारच. तिला एकदा घरी चहाला बोलवा आणि तो ओला पलंग दाखवा. हे मी चेष्टेत सांगत नाही, आमच्या धंद्यात नोटीसपेक्षा जास्त कामं वहिनीनं केली आहेत.

इथं एक गोची सांगून ठेवतो, शहरातल्या सल्ल्यात ही कधी सापडत नाही. आपल्याकडे बरीच घरं बापाच्या नावावर असतात, बाप वारलेला, तीन भाऊ, वाटणी झालेली नाही. भाडं एक भाऊ खाते, स्लॅब तिघांचा. दुरुस्तीला पैसे लावायचं नाव काढलं की पहिला म्हणतो दोघांनी द्यावे, दुसरा म्हणतो भाडं तू खाते तू दे. मग एजंट कशाला उचलतो फोन. असं असेल तर जो भाडं घेतो त्याच्याशीच बोला, बाकीच्यांच्या भांडणात पडू नका, ज्याच्या खात्यावर भाडं जाते त्याच्या नावानं पत्र काढा आणि नोंद दुसऱ्याच्या नावानं असेल तर त्यालाही प्रत.

आता कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम १४. उलट काही ठरलेलं नसेल तर घर राहण्यासारखं दुरुस्त ठेवणं हे घरमालकावर बंधन आहे. त्यानं केलं नाही तर भाडेकरूनं लेखी नोटीस द्यायची, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस थांबायचं, तरी केलं नाही तर स्वतः करून घ्यायचं आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. पण एका वर्षात कापायची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. तुमचं भाडं महिना ५,०००, वर्षाचं ६०,०००, म्हणजे जास्तीत जास्त १५,०००. अख्ख्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग यात बसणार नाही, अर्थिंग, नळ, पन्हाळे, चेंबर हे आरामात बसते. हिशेब आणि पावत्या ठेवा, त्याच कलमात भाडेकरूनं ठेवलेला पावत्यांसकटचा हिशेब मालकावर बंधनकारक धरला आहे, म्हणून मिस्त्रीची मजुरीसुद्धा कागदावर सही घेऊन द्या, तारीख टाकून.

पण दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, "उलट काही ठरलेलं नसेल तर" हे शब्द. तुमच्या अग्रीमेंटात "सर्व दुरुस्ती भाडेकरू करेल" असं छापील वाक्य असू शकते, स्टॅम्पवाल्याकडचा तयार मजकूर कोणी वाचत नाही. किरकोळ दुरुस्ती लिहिलं असेल तर बल्ब, नळाचा वायसर, कडी-कोयंडा एवढं तुमचं, स्लॅब किरकोळ होत नाही. आणि तो कागद अकरा महिन्यांचा "लीव्ह अँड लायसन्स" असेल तर तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाही, परवानाधारक आहात. कलम १४ भाडेकरूला हक्क देते. अशा वेळी सरळ भाडं कापायला जाऊ नका, मालकाची लेखी हो घ्या, व्हॉट्सअपवर आली तरी चालेल.

दुसरं, हा कायदा सरसकट प्रत्येक खेड्याला लागू नाही, त्याच्या अनुसूचीत दिलेल्या भागांनाच लागू आहे. तालुक्याच्या गावी राहता म्हणून लागू असेल असं धरून चालू नका, तालुका कोर्टातल्या कोणत्याही दिवाणी वकिलाला विचारा, पाच मिनिटांचं काम. लागू नसेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ आहे, त्याच्या १०८ व्या कलमात (च) की काय अशा पोटकलमात साधारण हेच आहे, मालकावर जी दुरुस्ती बंधनकारक आहे ती त्यानं नोटिशीनंतर वाजवी वेळेत केली नाही तर भाडेकरूनं करून खर्च व्याजासकट भाड्यातून घ्यावा. फरक एवढाच की तिथं दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे हे तुमच्या करारातून दाखवावं लागते.

आणि कागदच नसेल तर? घाबरू नका. भाड्याचा करार लेखी आणि रजिस्टर करायची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नं मालकावर टाकली आहे, आणि कागद नसला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जाते, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. भाड्याची पावती देणंही मालकाला बंधनकारक आहे, कलम २६. पण आपल्याकडे कोण देते पावती. म्हणून रोख देणं आजपासून बंद, यूपीआयनं पाठवा आणि खाली शेऱ्यात लिहा "जुलै घरभाडे". एजंट म्हणेल रोखच द्या. रोख दिलं तर त्याच्याकडून निदान "मिळाले" एवढा मेसेज घ्या.

भाडं पूर्ण बंद मात्र करू नका. सगळ्यात जास्त पोरं हीच चूक करतात, "काम करत नाही तर भाडं देत नाही, घे". भाडं थकलं की तक्रारदार तुम्ही राहत नाही, थकबाकीदार होता, मालकाला घर खाली करायला तयार कारण मिळते आणि गळका स्लॅब कोणी विचारत नाही. कायद्यानं जेवढं कापता येते तेवढंच कापा, उरलेलं ठरल्या तारखेला टाका.

नोटीस म्हणजे वकिलाचीच लागते असं नाही. साध्या कागदावर, असं काहीतरी:

"आपल्या अमुक वॉर्डातील घर क्र. अमुक येथे मी १ जानेवारीपासून दरमहा ५,००० रुपये भाड्याने राहते. जूनअखेर भाडे दिलेले आहे. घरात पुढील दुरुस्त्या आवश्यक आहेत: मधल्या खोलीच्या स्लॅबची गळती, बाथरूममध्ये विजेचा प्रवाह उतरणे, संडासाचे चेंबर तुंबणे. याबाबत आपले एजंट यांना १२, १९ व २७ जून रोजी कळवले आहे. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती करून द्यावी. न केल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे मी स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करून घेईन. सोबत फोटो ५, अंदाजपत्रक १."

खाली सही, तारीख, एक प्रत स्वतःकडे. कायदा तुमच्या गावाला लागू नसेल तर ती कलमाची ओळ वकिलाला विचारून बदला. पोस्टातून पोचपावतीसकट पाठवा, आपण अजून आरपीएडी (पोचपावतीचं रजिस्टर पोस्ट) म्हणतो पण २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिसळलं आहे, खिडकीवर पोचपावती पाहिजे म्हणून सांगा. पाकीट "घेण्यास नकार" शेरा मारून परत आलं तर आनंद माना, फोडू नका, तसंच बंद ठेवा, नकार दिला म्हणजे मिळालीच नाही असं त्याला सहजी म्हणता येत नाही. तीच नोटीस मालकाला आणि एजंटला व्हॉट्सअपवरही टाका.

आता स्लॅब. पैसे लावण्याआधी स्वतः, नाही जमत तर शेजारच्या पोराला, पाऊस थांबला की वर चढवा. एका घरात सहा आठवडे भाडेकरू आणि मालक भांडत होते, मालक म्हणे वॉटरप्रूफिंगला चाळीस हजार कुठून आणू, शेवटी श्रावणात मी वर गेलो. वर अक्षरशः तळं, घोट्याएवढं पाणी, त्यात कडुलिंबाची पानं कुजून काळी झालेली, कबुतराची पिसं, एक फुटका प्लास्टिकचा मग. पन्हाळ्याच्या तोंडाशी कोणाचं तरी जुनं पायपुसणं अडकलेलं. सळाख घातली, दोन झटके दिले, तर भसकन पाणी खाली पडायला लागलं, खाली बाई भांडे घासत होती ती ओरडतच पळाली. चार दिवसांनी गळणं बंद. चाळीस हजाराचं काम सळाखीनं झालं. प्रत्येक वेळी असं होत नाही, आपल्याकडच्या उन्हात स्लॅब तापतो, पावसात एकदम थंड होते, वरचा कोबा तडकतो, पाणी आत शिरते आणि भलतीकडंच टपकते, म्हणून खाली जिथं ओलं दिसते तिथंच वर भेग असेल असं समजू नका. पण आधी पन्हाळे बघा.

खरं वॉटरप्रूफिंग आता होणारच नाही, स्लॅब कोरडा लागतो. आता जो येईल आणि काळं-पांढरं काहीतरी फासून पैसे घेईल त्याला देऊ नका, दिवाळीपर्यंत पापुद्रे निघतील. सध्या भेगेवर तात्पुरती डांबरी पट्टी नाहीतर वर ताडपत्री, कडेला विटा. पक्कं काम उन्हाळ्यात, अक्षय तृतीयेच्या आत, असं मालकाकडून आत्ताच लिहून घ्या. आणि एक लक्षात ठेवा, मृग लागला की मजूर पेरणीला जाते, मिस्त्री असते पण त्याच्या हाताखाली माणूस नसते. जूनच्या शेवटी एजंट "माणूस भेटत नाही" म्हणाला तर तेवढं तरी खरं असते. कवेलूचं, म्हणजे कौलाचं, घर असेल त्यांनी तर मे महिन्यातच कवेलू फेरून घेतले पाहिजे, पाऊस सुरू झाल्यावर ओल्या कवेलूवर चढायला कोणी तयार होत नाही, झाला तर दोन जास्तीचे फोडून उतरतो.

संडास पावसातच का तुंबतो? तुमची सेप्टिक टँक भरलेली असेलच असं नाही. शोषखड्डा काळ्या मातीत आहे, ती माती ओली झाली की फुगते आणि पाणी पिणंच बंद करते, मग टाकीतलं पाणी जाणार कुठं, उलटं येते. टाकी उपसून आणली तरी दोन पावसांत पुन्हा तेच. म्हणून मालकाला "टाकी उपसा" असं नका लिहू, "शोषखड्डा काम करत नाही" असं लिहा. आणि छताचं पाणी त्याच चेंबरात सोडलेलं आहे का ते बघा, फार ठिकाणी मिस्त्रीनं पाईप वाचवायला तसं केलेलं असते, तो पाईप नालीकडे वळवला की अर्धा त्रास संपते.

मालकाच्या मनातली भीती पण समजून घ्या. त्याला वाटते भाडेकरू बिल फुगवेल. त्यावर माझा अनुभवाचा उपाय, सामानाचे पैसे तुमच्या हातात मागूच नका, हार्डवेअरवाल्याचा यूपीआय क्रमांक पाठवा, म्हणा तुम्ही थेट दुकानात द्या, मजुरी मी देते आणि पुढच्या भाड्यात धरते. काम सुरू असताना मिस्त्रीसकट फोटो, जुना काढलेला पार्ट फेकू नका, व्हिडिओ कॉलवर दाखवा. एवढं केलं की दहातले सात-आठ मालक ऐकतात, हे मी माझ्याकडच्या घरांवरून सांगतो, बाहेरचं माहीत नाही.

जे उरलेले दोन-तीन असतात ते मग पाणी तोडतात, बोरच्या मोटारीचा जोड काढतात, "जा खाली करून". पाणी, लाईट, संडास या अत्यावश्यक सोयी घरमालकानं तोडणं हा भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे, त्यासाठी कोर्टात अर्ज करता येते. वकिलाच्या फीचा विचार करून थांबू नका ताई, तालुका कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ प्रमाणे बाईमाणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, पगारदार असली तरी. दावा लावण्याआधीच तिथं अर्ज देऊन दोघांना समोरासमोर बोलवता येते, आणि कोर्टाचा शिक्का असलेलं पत्र पुण्याला गेलं की एजंटचा फोन आपोआप लागायला लागते.

राहता राहिला तो आरसीसीबी. तो तुम्ही तुमच्या पैशानं बसवला आणि भाड्यातून कापला नाही तर घर सोडताना काढून नेऊ शकता, फक्त बोर्ड आधी होता तसा करून द्यायचा. जुना मेन स्विच त्यासाठी एका पिशवीत, वर तारीख लिहून, माळ्यावर ठेवून द्या.